नटावरचा कीस

आमच्या सुनेने सासऱ्याचं नाव घालवलं, असं म्हणणारे लोक आमच्या गल्लीत आहेत. म्हणू देत. बोलणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार, आणि मला तेवढा वेळही नाही. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेज सगळं दिसतं, त्यामुळे सांगायचंच झालं तर ते मीच सांगायला हवं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणाऱ्यांनी त्या दिवशी आमच्या खड्ड्यात उतरून बघायचं होतं.

खड्डा म्हणजे गॅरेजमधला. गाडी वर उभी करायची आणि माणसाने खाली उतरून तिच्या पोटाकडे बघत काम करायचं. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे पाना पडला की माझ्या फळीवरच्या बश्या वाजतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच संगीत ऐकतेय.

आमचे हे इंजिनवाले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. चाकं, ब्रेक, हॉर्न हे काम कोणीही करतं; ह्यांचं खरं काम म्हणजे थकलेलं इंजिन अख्खं उघडायचं आणि नव्याने बांधायचं. आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. गॅरेज असं स्वच्छ की आमच्या गल्लीतल्या दवाखान्याला लाज वाटावी. सुटा केलेला कुठलाही भाग खाली ठेवायच्या आधी पुसायचा, खिशात कायम धुतलेलं फडकं. मी म्हणायचे, हात फिरवायची एवढी हौस आहे तर घरातली भांडी पण घ्या. ते मात्र कधी ऐकू गेलं नाही.

त्यांची एक खास रीत होती, आणि सगळं रामायण त्यातूनच झालं, म्हणून ती नीट सांगते. इंजिनात पिस्टनला धरून वरखाली होणारे रॉड असतात. प्रत्येक रॉडचं खालचं तोंड एका कॅपने बंद होतं, आणि ज्या रॉडची कॅप त्यालाच लावायची. कारखान्यात जोडीनेच घासून काढलेल्या असतात त्या. दुसऱ्याची लावली तरी बसते, बोल्टही आवळले जातात, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. आत मात्र घासाघास सुरू. अशी लग्नंही मी पुष्कळ पाहिली आहेत. तर अदलाबदल होऊ नये म्हणून बाकीचे मिस्त्री रॉडवर आणि कॅपवर आकडे ठोकतात. आमचे हे ठिपके ठोकायचे. पहिल्या जोडीला एक, दुसऱ्या जोडीला दोन, असे. आणि जोडताना ते ठिपके बघायचे नाहीत, अंगठ्याने वाचायचे. खड्ड्यात अंधार, हात तेलाने माखलेले, बघणार काय, असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि कॅप बरोबर जागेवर. गिऱ्हाइकं काम झालं तरी ते बघायला थांबायची. मिस्त्री डोळे मिटून इंजिन बांधतो, ही त्यांची ख्याती. ती ऐकली की हे मान खाली घालायचे, पण मिशीतलं हसू मला दिसायचं.

आता सूनबाई. आमचा मुलगा कचेरीत कारकून. त्याला ग्रीसच्या वासानेच शिंका येतात. त्याने लग्न करून आणली ती ही. सुरुवातीला ती गॅरेजमध्ये फक्त चहा द्यायला जायची. मग कप परत आणायला वेळ लागायला लागला. मग चहा निवायचा आणि ही खड्ड्याच्या काठावर बसून विचारत असायची, हा पाइप इथूनच का जातो, हे झाकण उलटं का बसत नाही. ह्यांनी तिचं नाव काबाई ठेवलं. मला वाटलं, हसतील आणि हाकलतील. कसलं काय, हे सांगत बसले! मुलाला शिकवायचं राहून गेलं होतं ना, ते सगळं साचलेलं हिच्यावर ओतलं.

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. लोकांच्या सुना हाताला मेंदी लावतात, माझ्या सुनेच्या नखात काळं. मी टोमणे मारले, अबोला धरला, एकदा तर तिचे कामाचे कपडे लपवले. दुसऱ्या दिवशी ही नवऱ्याची जुनी पँट घालून हजर. चिवट म्हणजे किती चिवट, तर एकदा एका पंपाचा बोल्ट गंजून असा बसला होता की ह्यांनीही कापायला करवत घेतली. ही म्हणाली, थांबा. सकाळी बसली त्याच्यापुढे, वरून थोडं डिझेल सोडायचं, हलकंच ठोकायचं, वाट बघायची, परत सोडायचं. जेवायला हाक मारली, आली नाही. दुपार कलली तेव्हा तो बोल्ट तिच्या हातात होता आणि आटे जसेच्या तसे. त्या दिवसापासून मी कपडे लपवायचं सोडलं. काय उपयोग?

त्या दिवशी हे दवाखान्यात रक्त तपासायला गेले होते. साखर आहे त्यांना, जुनी. आणि नेमकी तेव्हाच दगडखाणीची बस ऑइल बदलायला आली. डोंगरातल्या खाणीवर माणसं नेते-आणते ती. तिच्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी शेजारच्या घरी ऐकू जातं. त्या बसचं इंजिन वर्षापूर्वी ह्यांनी बांधलं होतं. एवढं मोठं इंजिन आता परत नाही, हे शेवटचं, असं तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर दर वेळी त्या बसचं ऑइल हे स्वतःच बदलायचे. दुसऱ्या कोणी हात लावलेला खपायचा नाही. पण भोंग्याला घाई होती, म्हणून काबाई खाली उतरली.

थोड्या वेळाने ती खिडकीशी आली आणि म्हणाली, आई, ती पांढरी ताटली द्या. कशाला, तर बघायला. मग परत आली आणि दूध गाळायचं फडकं मागितलं. माझं डोकं फिरलं. मी तशीच ओल्या हाताने तिच्यामागे गेले, म्हटलं ही माझं स्वयंपाकघर खड्ड्यात नेतेय की काय.

ताटलीत ऑइलचा नट ठेवला होता. इंजिनाच्या तळाला जो नट काढला की जुनं ऑइल खाली येतं, तो. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं, ऑइलमधलं लोखंड त्याला चिकटावं म्हणून. काजळासारखा काळा लेप प्रत्येक नटावर येतो, त्याला कोणी भीत नाही, एवढं मलाही माहीत. पण हिने लेप बोटाने बाजूला केला तर आत कीस होता. सुईची टोकं तुटून पडावीत तसे तुकडे, चुंबकावर उभे. आणि फडक्यातून गाळलेल्या ऑइलमध्ये पिवळं काहीतरी चमकत होतं, ते चुंबकाला चिकटतच नव्हतं. हिने मला समजावलं. रॉडच्या तोंडात बसणाऱ्या बेअरिंगच्या पोटात पिवळा थर असतो. तो बाहेर आला म्हणजे बेअरिंग झिजून गेलं, आणि लोखंड आलं म्हणजे ते आता क्रँकला, म्हणजे रॉड ज्याला फिरवतात त्या दांड्याला, खातंय. चकाकतं काही बघून बाईमाणूस खूश होतं म्हणतात. हिचा चेहरा उतरला होता.

हे आले. हिने ताटली पुढे केली. ह्यांनी काय करावं? सवयीने खिशातलं फडकं काढलं, नट उचलला आणि स्वच्छ पुसला. मग बघितला. म्हणाले, नवं बांधलेलं इंजिन आहे, थोडं झडतंच, ऑइल भर आणि जाऊ दे. ही म्हणाली, पहिल्या ऑइलला झडतं, मान्य, आता पहिलं कुठे राहिलं. आणि दर वेळी तुम्ही नट असाच पुसत आलात, तर झडलेलं तुम्हाला दिसणार कसं? हे भडकले. आवाज चढला. म्हणाले, ते इंजिन मी बांधलंय.

"म्हणूनच तर मी तीनतीनदा बघितलं, बाबा," ती म्हणाली.

भोंगा मध्ये पडला. उद्या पहाटे माणसं न्यायची आहेत, बस पाहिजे, मिस्त्री म्हणतात ठीक तर ठीक. हिने त्याला उलट विचारलं की डोंगराच्या उतारावर, वळणावर, इंजिन जाम झालं तर बस कुठे जाऊन थांबेल ते तू सांगतोस का. भोंगा ह्यांच्याकडे बघायला लागला. सगळ्यांसमोर ही गोष्ट व्हायला नको होती, असं मला वाटलं, आणि ह्यांनाही तेच झोंबलं. त्यांनी हात पुढे केला, हिच्याकडे बसची किल्ली मागितली, आणि म्हणाले, या गॅरेजमध्ये शेवटचा शब्द माझा.

हिने किल्ली पँटच्या खिशात टाकली. आवाज चढवला नाही की मान खाली घातली नाही. "शब्द तुमचाच, बाबा. किल्ली माझ्याकडे राहू दे. गाडी जाणार नाही."

भोंगा कोणाला तरी शिव्या घालत दुसरी गाडी बघायला गेला. तो गेला आणि हे अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले.

रात्री जेवायला बसलो. मुलगा सगळं ऐकून एवढंच म्हणाला की बाबांना या वयात दुखवू नकोस, आणि आतल्या खोलीत गेला. शिंका आल्या असतील. मी मात्र तिला भांडी घासताना गाठलं. मला काय वाटत होतं ते स्पष्ट सांगते. ह्यांच्याकडे नावाशिवाय दुसरं काही नाही. समोरचा शिंपी चांगला हिंडताफिरता होता. एका कोटाची बाही उलटी शिवली, गिऱ्हाईक चारचौघांत हसलं, त्याने दुकानच बंद केलं. मग नुसता पायरीवर बसून असायचा, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. ह्यांचं तसं झालं तर? मला भीती वाटत होती. मी तिला म्हटलं, अगं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, सोड ना हट्ट, एवढं इंजिन जाऊ दे, पुढच्या वेळी बघ.

तिने नळ बंद केला. "आई, त्या बसमध्ये माणसं बसतात."

झालं. कप्पाळ! मी रागानेच झोपले.

सकाळी ही परत बसखाली खड्ड्यात उतरली आणि इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर सोडवायला सुरुवात केली. ह्यांनी खुर्ची दारात आणली आणि खड्ड्याकडे पाठ करून पेपर धरला. पान काही उलटत नव्हतं. खाली पाना फिरला की ह्यांचे कान हलायचे. कुठला बोल्ट निघाला ते त्यांना आवाजावरूनच कळत असणार. मध्येच एकदा तोंडातून निघून गेलं, मागचा आधी सैल कर. खालून उत्तर आलं, केला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दोघांचाही.

मी भाजी चिरायला घेतली होती. मागच्या दाराने ही आत आली. हातात माझीच ताटली, वर फडकं झाकलेलं. दार लावून घेतलं. फडकं काढलं तर दोन कॅप आणि त्यांच्यातली बेअरिंगं. बेअरिंगं एका अंगाने खरवडून पिवळी पडलेली, ते मलाही दिसलं. पण ती ते दाखवायला आलीच नव्हती. तिने कॅप उताणी केली आणि ठिपके दाखवले. दुसऱ्या रॉडला तीन ठिपक्यांची कॅप होती, आणि तिसऱ्याला दोन ठिपक्यांची.

म्हणजे बेअरिंग वाईट नव्हतं. ऑइल वाईट नव्हतं. ह्यांचा अंगठा चुकला होता.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ह्यांची पाठ दिसत होती, मानेवरचे पांढरे केस, मी परवाच कापलेले. मी तिला म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बेअरिंगच खराब निघालं म्हणून सांग. नवं घाल, कॅपा जिथल्या तिथे लाव, बस चालेल, माणसंही सुखरूप. हात दाखवून अवलक्षण कशाला? आजही कोणी विचारलं तर मी सांगेन, त्या वेळी मी बोलले ते शहाणपणाचंच होतं.

आणि तिलाही ते हवं होतं. मी माणसं ओळखते. तिचे डोळे भरले होते. ती मोरीशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावला, धुतला, परत लावला. ज्या माणसाने तिला पाना धरायला शिकवलं, त्याला जाऊन हे दाखवायचं, कोणाला आवडेल? मला वाटलं, जिंकले मी. मग ती वळली आणि म्हणाली, "आणि पुढचं इंजिन, आई? तेही ते असंच बांधतील."

मी म्हटलं, तुझं तू बघ, मी काही येणार नाही. आणि चिरलेली भाजी तशीच टाकून तिच्या मागोमाग गेले.

ती ह्यांच्यापुढे जाऊन उकिडवी बसली. ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली, पेपर बाजूला केला. एक कॅप हातात दिली आणि विचारलं, बाबा, ही कितवी? ह्यांनी तिच्याकडे असं बघितलं की परीक्षा घेतेस का माझी. मग डोळे मिटले. अंगठा फिरवला.

"दोन."

तिने दुसरी दिली. ही कितवी?

या वेळी अंगठा जरा जास्त फिरला. "दोन," हे म्हणाले, मग थांबले. दोन्ही दोन कशा असतील? परत फिरवला. "तीन." परत पहिली घेतली. परत दुसरी. डोळे मिटलेलेच, कपाळावर आठ्या, आणि तो जाडजूड अंगठा त्या ठिपक्यांवरून पुढेमागे, पुढेमागे. कडी शोधताना आंधळा माणूस दारावर हात फिरवतो तसा. मला बघवेना.

"डोळे उघडा, बाबा," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

ह्यांनी कॅप नाकाशी नेली. पहिली, जिला दोन म्हणाले होते, तिच्यावर तीन ठिपके होते. मग विचारलं, कुठे होती? तिने सांगितलं. लपवलं नाही, गोडही केलं नाही. ह्यांनी फक्त क्रँकचं विचारलं. ती म्हणाली, चरे पडलेत पण खोल नाहीत, घासून निघेल, वाचला. ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ताटली भिरकावतील. भिरकावली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी अंगठा स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला. म्हणाले, याला बरेच दिवस काही लागत नाही. वाटलं, तेलाने कातडी जाड झाली असेल. शेगडीवरचं पातेलं हे नुसत्या हाताने उचलतात, ते मी रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, काय सोसतो हा माणूस! सोसणं कसलं, कळतच नव्हतं. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, बोटं बधिर होतात का, आणि हे दर खेपेला सांगायचे, छे. मग मात्र मी सोडलं नाही. जे तोंडात आलं ते बोलले. साखरेची गोळी, ते पातेलं, तो डॉक्टर, सगळं काढलं. बोलता बोलता रडले. सून माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, तो ऑइलचा हात माझ्या धुतलेल्या कपड्यांवर.

हे उठले. मला वाटलं, आता आत जाऊन पडतील आणि परत उठणार नाहीत. शिंपीच दिसला मला. ते आत गेले खरे. हात धुतल्याचा आवाज आला. बाहेर आले ते बाहेर जायचा शर्ट घालून, बटणं लावत. सुनेला म्हणाले, बोटं गेल्यावर या गॅरेजमधून कुठली कुठली इंजिनं गेली, बोल. मग तिची वाट न बघता स्वतःच सांगितलं. ही बस. पिठाच्या गिरणीचं. आणि भाजीवाल्याचा ट्रक.

ती म्हणाली, मी जाते, सांगते की सहज तपासणीला आणा, तुमचं नाव कशाला निघायला हवं. बघा, शेवटी तीही माझ्यासारखंच बोलली. पण ह्यांनी मान हलवली. "बांधली मी. सांगणार मी."

तेवढ्यात भोंगा दारात. कधी मिळणार बस, हे त्याने गल्लीच्या टोकापासूनच विचारलं होतं. ह्यांनी त्याला खड्ड्याशी नेलं आणि सरळ सांगितलं की कॅपा उलट्यापालट्या लागल्या होत्या, चूक माझी, हिने धरली, काल मी गाडी सोडत होतो. भोंग्याने आधी खड्ड्यात बघितलं, मग हिच्याकडे. मग इतक्या हळू काहीतरी म्हणाला की मला ऐकू आलं नाही.

हे निघाले. मी चपला घातल्या आणि सोबत गेले. या माणसाला एकट्याला सोडायची माझी हिंमत नव्हती. एरवी दवाखान्यात न्यायचं तर दहा वेळा थांबतात. त्या दिवशी मला त्यांच्यामागे धावावं लागलं. अहो हळू, म्हटलं, तर म्हणाले, गिरणी चालू असेल.

चालू होतीच. दळण घेऊन आलेल्या लोकांची रांग पार रस्त्यापर्यंत. आतला आवाज असा की बोलणाऱ्याचे नुसते ओठ दिसतात. गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा होऊन पीठ भरत होता. ह्यांनी त्याच्या कानात सांगितलं. तो हसला. हातानेच दाखवलं, काय मस्त चाललंय बघा, मिस्त्री, तुम्ही बांधलंय, त्याला काय होणार. ह्यांनी परत सांगितलं. त्याने पोतं पुढे ओढलं. मग हे त्याला वळसा घालून मागे गेले, इंजिनाशी, आणि बंद करायचा दांडा ओढून धरला.

पट्टा फिरत फिरत थांबला. एवढी शांतता त्या गिरणीत मी कधी ऐकली नव्हती. रांगेतले सगळे वळून बघायला लागले. गिरणीवाला तावातावाने आला, म्हणाला, म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं? ह्यांनी दांडा सोडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हणाले, माझ्या बोटांना कळत नाही. एका इंजिनात मी चूक केली, ती आज सापडली. तुझ्यातही असेल. नट काढून बघेपर्यंत हे चालवायचं नाही.

माझे कान तापले होते. ज्यांनी कधी काळी ह्यांना डोळे मिटून काम करताना बघितलं होतं, त्यातले दोघं-तिघं त्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. गिरणीवाला जरा नरमला. म्हणाला, मग उघडणार कोण, तुम्ही? हे म्हणाले, मी नाही, माझी सून. गिरणीवाल्याने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी यावर हसणार होते. मग म्हणाला, मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस चुकला म्हणता, आणि मी ते पोरीच्या हातात देऊ? ती चुकली तर?

"ती चुकली तर ती तुला येऊन सांगेल," हे म्हणाले. "नट पुसणार नाही."

गिरणीवाल्याने अंगावरचं पीठ झटकलं आणि रांगेतल्या लोकांना उद्या यायला सांगितलं. मग हे बाहेर आले, उन्हात डोळे बारीक करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, आणि मला म्हणाले, चल लवकर, भाजीवाला ट्रक घेऊन निघायच्या आत गाठायचाय.